कॅरोलाइन हर्शेलच्या वहीत काय होतं

विचारणारीचे प्रश्न दोन आहेत. कॅरोलाइन हर्शेल खरोखर स्वतःच्या बळावर खगोलशास्त्रज्ञ होती, की मोठ्या भावाची, विल्यम हर्शेलची, हुशार मदतनीस? आणि ‘धूमकेतू शोधणारी पहिली स्त्री’ असं तिच्याबद्दल सगळीकडे लिहिलेलं असतं, ते बरोबर आहे का?

दुसऱ्याचं उत्तर छोटं आहे, म्हणून ते आधी. बरोबर नाही. बर्लिनमध्ये मारिया किर्शने 1702 साली, म्हणजे कॅरोलाइनच्या जन्माच्या जवळजवळ पन्नास वर्षं आधी, धूमकेतू शोधला होता. तो जाहीर झाला नवऱ्याच्या, गॉटफ्रीड किर्शच्या नावावर. बायकोने तो आधी पाहिला हे त्याने मान्य केलं ते 1710 साली. त्याच वर्षी तो वारला आणि मारियाने बर्लिनच्या अकादमीकडे पंचांग तयार करण्याचं काम मागितलं. कित्येक वर्षं ती ते घरी बसून करतच होती, पण जागा काही तिला दिली नाही. तेव्हा कॅरोलाइनबद्दल म्हणायचंच तर असं म्हणावं: तिचा धूमकेतू तिच्याच नावावर लागला, आणि खगोलशास्त्राच्या कामासाठी पगार मिळालेली ती इंग्लंडमधली पहिली स्त्री. एवढंही कमी नाही.

पहिल्या प्रश्नाला वेळ लागेल. मी बरीच वर्षं धूमकेतू आणि रूपविकारी (तेज कमीजास्त होणारे) तारे बघते, त्यांच्या नोंदी ठेवते, नव्या मुलामुलींना आकाश दाखवते. या कामात मुरलेल्या माणसाला ‘मदतनीस की शास्त्रज्ञ’ ही विभागणीच पटत नाही. लिहून घेणं, आकडेमोड करणं, याद्या लावणं याला लोक मदतनिशी म्हणतात आणि धूमकेतू सापडला की त्याला शोध म्हणतात. कॅरोलाइनच्या बाबतीत धूमकेतू सापडले ते त्या याद्यांमुळेच. हे नीट सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

तिचा जन्म हॅनोव्हरचा, 16 मार्च 1750. वडील आयझॅक लष्करी बँडमध्ये ओबो हे फुंकून वाजवायचं वाद्य वाजवायचे. लहानपणी देवी आल्या, त्यांचे व्रण चेहऱ्यावर राहिले. दहा वर्षांची असताना टायफस झाला आणि वाढ खुंटली, ती कायमची सव्वाचार फुटांवर. वडिलांनी सरळ सांगून टाकलं होतं की रूप नाही, पैसा नाही, तेव्हा लग्नाची आशा फारशी धरू नकोस. आईला मुलगी घरकामाला हवी होती. मुलांना शिकवलं की ती घर सोडून जातात, असा तिचा अनुभव होता आणि तो अगदीच खोटाही नव्हता. वडील अधूनमधून, आईचं लक्ष नसेल तेव्हा, व्हायोलिनचे धडे द्यायचे. एका स्वच्छ थंड रात्री त्यांनी तिला बाहेर नेऊन तारकासमूह दाखवल्याचं तिने पुढे लिहिलं आहे.

1772 साली भाऊ विल्यम तिला इंग्लंडला बाथ शहरात घेऊन गेला. तो तिथे चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा, संगीताच्या शिकवण्या करायचा. कॅरोलाइन गेल्यावर घरकामाला बाई ठेवता यावी म्हणून त्याने आईला वर्षासन बांधून दिलं, तेव्हा कुठे सुटका झाली. बाथमध्ये तिने गाणं शिकून घेतलं आणि हँडेलच्या ‘मसाया’ या संगीतरचनेत मुख्य गायिका म्हणून उभी राहिली. 1778 मध्ये बर्मिंगहॅमच्या संगीत महोत्सवाचं आमंत्रण आलं, ते तिने नाकारलं. विल्यम संचालन करत असेल तिथेच गायचं, हा तिचा निश्चय होता. मला विचाराल तर तिच्या आयुष्यातलं सगळ्यात चुटपुट लावणारं वळण हे आहे. गाणं तिने मेहनतीने कमावलं होतं, पुढे ते सुटलं, आणि खगोलशास्त्र तिने मागितलेलं नव्हतं.

कारण तोवर विल्यमला दुर्बिणींचं वेड लागलं होतं. घराचा कारखाना झाला. त्या काळी आरसे काचेचे नसत, तांबं आणि कथलाच्या मिश्रधातूचे असत. ते ओतायचे आणि मग तासन् तास घासून चकचकीत करायचे. घासताना हात थांबला तर आकार बिघडण्याची धास्ती, म्हणून एकदा विल्यम सलग सोळा तास आरशावरून हात न उचलता बसला आणि कॅरोलाइन त्याच्या तोंडात घास भरवत राहिली. मोठ्या आरशाचा साचा घोड्याची लीद मिसळलेल्या मातीचा करायचा होता. ती लीद खलात कुटून बारीक चाळणीने चाळायची, हेही काम तिच्याकडे. 1781 मध्ये तो आरसा ओतताना भट्टी फुटली, वितळलेला धातू फरशीवर पसरला आणि फरशीचे दगड उडायला लागले. सगळे जीव घेऊन बाहेर पळाले.

त्याच वर्षी मार्चमध्ये विल्यमने युरेनस शोधला. तो शोध त्याचाच. कॅरोलाइनच्या कौतुकात तोही तिच्या खात्यावर टाकायचा मोह काही लेखकांना होतो, त्याची गरज नाही. युरेनसमुळे राजा तिसरा जॉर्ज प्रसन्न झाला आणि त्याने विल्यमला वर्षाला 200 पौंड बांधून दिले. 1782 मध्ये भावंडं विंडसरजवळ डॅचेटला राहायला गेली, संगीत बंद झालं. कॅरोलाइनला विचारलं कुणी नव्हतं. तिला एक लहान दुर्बीण देण्यात आली आणि सांगण्यात आलं की रात्री आकाश विंचरून धूमकेतू शोध. सुरुवातीला तिला ते मुळीच आवडलं नाही. दवाने, हिमाने ओल्या झालेल्या गवतावर, हाकेच्या अंतरावर एकही माणूस नसताना रात्र काढायला कसलाच हुरूप येत नव्हता, असं तिने लिहून ठेवलंय. हे वाचलं की मला ती एकदम ओळखीची वाटते. पहिली काही महिने सगळ्यांचं असंच होतं. थंडी वाजते, मान दुखते आणि दिसत काहीच नाही.

पण 1783 उजाडलं आणि तिला दिसायला लागलं. फेब्रुवारीत बृहल्लुब्धकात एक तारकागुच्छ सापडला, तो आज एनजीसी 2360 म्हणून ओळखला जातो (एनजीसी ही तेजोमेघ, गुच्छ आणि दीर्घिकांची पुढे झालेली मोठी यादी). ऑगस्टमध्ये देवयानी दीर्घिकेची एक जोडीदार दीर्घिका सापडली. ती फ्रेंच धूमकेतू-शोधक मेसिए याने दहा वर्षं आधी पाहिली होती, पण आपल्या धूसर वस्तूंच्या यादीत घातली नव्हती. आज तिला एम 110 म्हणतात. सप्टेंबरात शिल्पकार तारकासमूहातली एनजीसी 253 ही मोठी दीर्घिका, आणि त्याच शरदात शर्मिष्ठेतला एनजीसी 7789 हा दाट गुच्छ. मेसिएच्या यादीत तेव्हा शंभरेक वस्तू होत्या आणि त्यात जवळपास सगळं आलं असा समज होता. हातातल्या लहान दुर्बिणीतून, वर्षभराच्या आत, नवशिक्या बाईला यादीबाहेरच्या वस्तू मिळत होत्या. याचा अर्थ विल्यमच्या लगेच लक्षात आला. यादी अपुरी आहे, आणि आपल्याकडे सगळ्यांत मोठी दुर्बीण आहे. त्या ऑक्टोबरात त्याने वीस फूट लांबीच्या दुर्बिणीने सगळं आकाश पिंजून काढायला घेतलं. इंग्लंडमधून दिसणाऱ्या आकाशाचं ते काम जवळजवळ वीस वर्षं चाललं.

आता गंमत बघा, गंमत कसली म्हणा. त्याच्या त्या कामाला लेखनिक हवा होता. विल्यम दुर्बिणीवर चढलेला, डोळे अंधाराला सरावलेले. दिवा बघून लिहायला गेला तर अर्धा तास वाया. म्हणून तो वरून ओरडून सांगणार आणि कॅरोलाइन खिडकीशी घड्याळ, तारानकाशे आणि वही घेऊन लिहिणार. तिला चांगलं दिसायला लागलं, त्यातून भावाला कल्पना सुचली आणि त्या कल्पनेने तिच्याच रात्री गेल्या. तिचं स्वतःचं आकाश विंचरणं जवळपास बंद पडलं.

हे लेखनिकाचं काम म्हणजे नेमकं काय, हे अनेकांना ठाऊक नसतं. वरून आवाज यायचा: अमुक तारा आता दुर्बिणीत ताणलेल्या बारीक धातूच्या तारेखाली आला, त्यानंतर धूसर डाग, इतका मोठा, मध्यभागी उजळ. त्या क्षणाची वेळ तिने घड्याळावरून टिपायची. दुर्बीण किती उंचावर आहे ते डायलवरून वाचायचं. जवळचा ओळखीचा तारा कोणता, हे इंग्लंडचा पहिला राजज्योतिषी फ्लॅमस्टीड याच्या तारायादीत शोधायचं आणि भावाला तिथल्या तिथे सांगायचं. दुसऱ्या दिवशी, विल्यम झोपलेला असताना, दोन वेळांमधल्या फरकावरून विषुवांशातला (आकाशातल्या पूर्व-पश्चिम जागेतला) फरक काढायचा, उंचीवरून ध्रुवापासूनचं अंतर काढायचं, त्यात दुरुस्त्या करायच्या आणि सगळं स्वच्छ अक्षरात उतरवायचं. हे सगळं करणाऱ्या बाईला पाढे कधी पाठ झाले नाहीत. पाढ्यांचा कागद ती जवळ बाळगायची. गणित ती शिकली विल्यमला नाश्त्याच्या टेबलावर प्रश्न विचारून विचारून. अशा रीतीने 1786, 1789 आणि 1802 च्या तीन यादींत मिळून सुमारे 2,500 तेजोमेघ आणि तारकागुच्छ आले. याद्यांवर नाव एकट्या विल्यमचं आहे. तो बघत होता हे खरं, पण त्या वस्तू आकाशात नेमक्या कुठे आहेत हे त्या याद्यांत आलं ते तिच्या हिशेबातून, आणि जागा माहीत नसलेल्या तेजोमेघाचा कुणालाच उपयोग नसतो.

शारीरिक कष्टही होतेच. 31 डिसेंबर 1783 ची रात्र, फूटभर बर्फ पडलेलं. ढग जरा फाकले, विल्यमने घाईने हाक मारली, ती धावली आणि घसरून पडली ती थेट दुर्बिणीच्या चौकटीच्या एका मोठ्या लोखंडी आकड्यावर. तो उजव्या मांडीत, गुडघ्याच्या वर घुसला. वरून ‘लवकर कर’ असा आवाज, आणि खालून तिचं उत्तर की मी आकड्यात अडकलेय! सोडवताना मांसाचा लचका तिथेच राहिला. पुढे लिहिताना तिने समाधान व्यक्त केलं आहे ते याचं, की उरलेली रात्र ढगाळ गेली, त्यामुळे भावाचं नुकसान झालं नाही.

आता 1786 चा ऑगस्ट. भावंडं स्लाउला राहायला आली होती आणि राजाच्या वतीने एक दुर्बीण पोचवायला विल्यम जर्मनीत गटिंगनला गेला होता. कॅरोलाइनला बऱ्याच काळाने स्वतःच्या रात्री मिळाल्या. 1 ऑगस्टची तिची नोंद अशी आहे: आज शंभर तेजोमेघांचे हिशेब केले, आणि संध्याकाळी एक वस्तू दिसली, ती उद्या रात्री धूमकेतू ठरेल असं वाटतंय. 2 ऑगस्टला दीडशे तेजोमेघांचे हिशेब. दिवसभर पाऊस. रात्री आभाळ मोकळं होणार नाही अशी भीती. आणि मग रात्री एक वाजताची नोंद, की कालची वस्तू धूमकेतूच आहे.

ही नोंद मी मुलांना मुद्दाम वाचून दाखवते. धूमकेतू लहान दुर्बिणीत कसा दिसतो? धूसर ठिपका. तेजोमेघ कसा दिसतो? धूसर ठिपका. दूरची दीर्घिका, दाटीवाटीचा गुच्छ, सगळे तसेच. फरक एवढाच की धूमकेतू ताऱ्यांच्या तुलनेत सरकतो, आणि ते कळायला तास, कधी आख्खी रात्र जाते. त्यामुळे पहिल्या रात्री ‘ही वस्तू इथली नाही’ असं म्हणायला त्या भागात एरवी काय काय असतं हे तोंडपाठ लागतं. मेसिएने यादी केली तीच मुळी धूमकेतू समजून फसगत होऊ नये म्हणून. कॅरोलाइनची स्थिती त्याच्याहूनही चांगली होती. दिवसा शेकडो तेजोमेघांच्या जागांची आकडेमोड करणारं त्या काळी दुसरं माणूस कोण होतं? सप्तर्षी आणि अरुंधतीकेश यांच्या मधल्या त्या तुकड्यात असा ठिपका असायला नको, हे तिला कागदावरून माहीत होतं. ज्याला आपण कारकुनी म्हणतो तिने तिची नजर तयार केली होती.

रात्री निजण्याआधी तिने दोन पत्रं लिहिली, एक रॉयल सोसायटीचे सचिव चार्ल्स ब्लॅग्डन यांना आणि एक हौशी खगोलनिरीक्षक अलेक्झांडर ऑबर्ट यांना. भावाच्या गैरहजेरीत आपल्याला तसदी देते, हे वर्णन अपुरं आहे, असा सूर. पण जागा आणि वेळ चोख. काही दिवसांतच ब्लॅग्डन आणि सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स स्लाउला येऊन धूमकेतू बघून गेले. पत्र सोसायटीच्या नियतकालिकात छापलं गेलं. पुढच्या वर्षी राजाने तिला विल्यमची साहाय्यक म्हणून वर्षाला 50 पौंड पगार मंजूर केला. पहिला हप्ता साडेबारा पौंडांचा होता. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या मर्जीने खर्चायला मिळालेले पैसे, असं तिने त्याबद्दल म्हटलंय. तिचं वय तेव्हा 37 होतं.

1788 च्या मे महिन्यात विल्यमने मेरी पिट या विधवेशी लग्न केलं. घराच्या किल्ल्या कॅरोलाइनच्या हातून गेल्या आणि ती जवळच भाड्याच्या जागेत राहायला गेली. तिला हे फार लागलं असावं. त्यानंतरच्या दहाएक वर्षांच्या दैनंदिन्या तिने नंतर स्वतःच नष्ट केल्या. पुढे वहिनीशी तिचं चांगलं जुळलं, म्हणून असेल कदाचित. चरित्रकार इथे हळहळतात. मला निरीक्षक म्हणून इथे दुसरंच दिसतं. तिच्या आठ धूमकेतूंपैकी पहिला सोडला तर बाकी सगळे या लग्नानंतरचे आहेत: डिसेंबर 1788, 1790 मध्ये दोन, 1791, 1793, 1795 आणि 1797. घर सांभाळायचं नाही, विल्यम पूर्वीसारखा रोज रात्री दुर्बिणीवर नाही, आणि हाताशी त्याने बनवून दिलेली नऊ इंच रुंद आरशाची नवी दुर्बीण. धूमकेतू शोधायला सगळ्यात जास्त काय लागत असेल तर मोकळी रात्र, आणि ती तिला आता मिळाली. (1793 चा मेसिएला काही दिवस आधी दिसला होता, पण तिला ते माहीत नव्हतं. 1795 चा तो नियमितपणे परत येणारा एन्केचा धूमकेतू निघाला. डिसेंबर 1788 चा 1939 मध्ये फ्रान्सच्या रिगोलेने पुन्हा पाहिला आणि तेव्हापासून दोघांची नावं त्याला आहेत.)

शेवटचा, 14 ऑगस्ट 1797 चा, तर तिने नुसत्या डोळ्यांनी टिपला. टपालाचा भरवसा नव्हता. तासभर झोप काढून तिने घोड्यावर मांड टाकली आणि ग्रिनिचला राजज्योतिषी मास्केलिन यांना समक्ष सांगायला गेली, चाळीसेक किलोमीटर. सत्तेचाळीस वर्षांची सव्वाचार फुटी बाई. लाजरीबुजरी मदतनीस म्हणून तिचं जे चित्र रंगवतात त्यात हा प्रसंग कुठे बसवायचा ते मला समजत नाही.

तरीही माझ्या मते तिचं सर्वांत मोठं काम धूमकेतू नाही. ते आहे फ्लॅमस्टीडच्या यादीची झाडाझडती. विल्यम वीस वर्षं ज्या तारायादीचा आधार घेत होता तिच्यात चुका होत्या. यादीतला तारा आकाशात नसला की तो विझला की काय, असा प्रश्न पडायचा. वास्तविक फ्लॅमस्टीडच्या मूळ निरीक्षणांत आणि छापील यादीत मेळ नव्हता. कॅरोलाइनने प्रत्येक ताऱ्यासाठी मूळ निरीक्षणं धुंडाळून अनुक्रमणिका केली, चुकांची यादी केली, आणि निरीक्षणांत असूनही यादीत न आलेले 560 हून अधिक तारे बाहेर काढले. 1798 मध्ये रॉयल सोसायटीने ते स्वखर्चाने छापलं, तिच्या नावाने. याच्यावर कुणी गोष्ट लिहीत नाही. जुन्या निरीक्षणांवर काम केलेल्या कुणालाही विचारा, दुसऱ्याच्या नोंदवहीतल्या चुका शोधणं हे नवीन निरीक्षणापेक्षा चिकाटीचं आणि जोखमीचं काम असतं.

1822 मध्ये विल्यम गेला आणि तिने घाईघाईने हॅनोव्हर गाठलं. पुढची पंचवीस वर्षं त्याचा तिला पश्चात्ताप होत राहिला. तिथे शहरात घरांच्या छपरांमधून आकाश दिसायचं नाही. पण पुतण्या जॉनला विल्यमच्या वस्तू पुन्हा बघायच्या होत्या आणि मूळ याद्या त्यासाठी गैरसोयीच्या होत्या. मग पंचाहत्तरीच्या घरातल्या आत्याने त्या सगळ्या, अडीच हजार वस्तू, ध्रुवापासून अंश-अंशाच्या पट्ट्यांत नव्याने लावून दिल्या. जॉनच्या हातात ही वही असायची म्हणूनच एका रात्री एका पट्ट्यातल्या वस्तू ओळीने बघता आल्या. जॉनची 1864 ची यादी त्या कामावर उभी राहिली, आणि ड्रायरची 1888 ची एनजीसी जॉनच्या यादीवर. आज तुम्ही मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये एनजीसी क्रमांक टाकता, त्याची वंशावळ अशी तिच्या टेबलापर्यंत जाते.

1828 मध्ये लंडनच्या अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने (तिला ‘रॉयल’ हे बिरुद नंतर मिळालं) या वहीबद्दल तिला सुवर्णपदक दिलं, धूमकेतूंबद्दल नाही. त्यानंतर ते पदक एखाद्या स्त्रीला मिळालं ते 1996 मध्ये, अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ व्हेरा रूबिन यांना. 1835 मध्ये विज्ञानलेखिका मेरी सोमरव्हिल यांच्यासह ती सोसायटीची सन्माननीय सभासद झाली. पदकाने तिला आनंदापेक्षा धक्काच जास्त बसला. आपलं जास्त कौतुक म्हणजे विल्यमचं कमी, हे तिच्या डोक्यात पक्कं होतं. शिकवून तयार केलेल्या कुत्र्याच्या पिल्लाने केलं असतं तेवढंच मी केलं, असंही तिने लिहून ठेवलं. मदतनीस म्हणणारे हेच वाक्य पुराव्यादाखल पुढे करतात. ते करू नये. त्याच बाईने आपली नोंद आणि नोंद पाहून केलेलं प्रत्येक गणित जपून ठेवलं होतं, आणि धूमकेतूची पत्रं स्वतःच्या सहीने धाडली होती. माणूस स्वतःबद्दल काय म्हणतो आणि काय करतो यांत फरक पडला तर निरीक्षकाने दुसऱ्यावर विसंबावं.

9 जानेवारी 1848 रोजी, सत्त्याण्णव वर्षांची असताना, ती हॅनोव्हरमध्येच वारली.

तुम्हाला तिच्या वस्तू बघायच्या असतील तर आपल्याकडे सोय फार चांगली आहे. डिसेंबरच्या सुरुवातीला, अमावास्येच्या आसपास, शहरापासून लांब जा. शर्मिष्ठेतला एनजीसी 7789 दुर्बीण नसेल तर साध्या द्विनेत्रीतही धुरकट डाग म्हणून दिसतो. चार-सहा इंची दुर्बीण असेल तर त्यातले बारीक तारे सुटे व्हायला लागतात. एनजीसी 253 साठी तिमिंगलातला डिफ्डा तारा शोधा आणि तिथून सुमारे सात अंश दक्षिणेकडे उतरा. डॅचेटहून ही दीर्घिका क्षितिजावर जेमतेम तेरा अंश वर यायची, आणि तरी तिला ती चार इंची दुर्बिणीत सापडली. पुण्याहून ती शेहेचाळीस अंशांवर असते. एनजीसी 2360 मात्र जानेवारी-फेब्रुवारीसाठी ठेवा. व्याधाच्या पूर्वेला, बृहल्लुब्धकातल्या गॅमा ताऱ्यापासून साडेतीन अंश पुढे. द्विनेत्री हातात डगमगत असेल तर तिपाई लावा, नाहीतर गुच्छ आणि डोळ्यातलं पाणी यांतला फरक कळत नाही.